लिऑन लेव्ही डिजिटल लायब्ररी: मृत समुद्राच्या गुंडाळ्या कोणी लिहिल्या, हे फोटोंवरून कितपत कळतं?

साईट फुकट आहे. मृत समुद्राकाठच्या गुहांतून निघालेल्या ज्यू धर्मग्रंथांच्या हजारो तुकड्यांचे फोटो तिथे बघायला मिळतात आणि फोटोंचा दर्जा असा की कातड्यावरची शिरसुद्धा दिसते. तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचन मंडळांनी ती उघडण्याआधी तिला नेमकं काय विचारायचं ते ठरवून घेतलेलं बरं. ‘हे कोणी लिहिलं’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेत. त्यातल्या एकाच प्रश्नाला ही साईट चांगलं उत्तर देते, दुसऱ्याला अर्धवट देते आणि उरलेल्या दोघांना हातच लावत नाही. हे माहीत नसलं की माणूस दोन तास सुंदर फोटो बघतो आणि रिकाम्या हाताने उठतो.

आधी थोडक्यात माहिती. १९४७पासून १९५६पर्यंत कुमरान या पडक्या वस्तीजवळच्या ११ गुहांतून नऊशेहून जास्त हस्तलिखितं सापडली. बहुतेकांचे फक्त तुकडे हाती लागले. एकट्या चौथ्या गुहेतून पाचशेहून अधिक हस्तलिखितांचे सुमारे १५,००० तुकडे निघाले. भाषा मुख्यतः हिब्रू, काही अरामी, थोडी ग्रीक. लिहिलंय बहुतेक कातड्यावर, काही पपायरस या लव्हाळ्याच्या कागदावर, आणि एक गुंडाळी चक्क तांब्याच्या पत्र्याची. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतचा. एकाही गुंडाळीच्या शेवटी लेखनिकाने आपलं नाव, गाव, तिथी घातलेली नाही. हलशीच्या कदंब ताम्रपटांत दान देणारा कोण, घेणारा कोण हे कोरलेलं सापडतं, म्हणून तिथे वाद तपशिलाचा असतो. इथे मुळातच नाव नाही, आणि पाऊणशे वर्षं चाललेला सगळा वाद त्या कोऱ्या जागेवरचा आहे.

पहिली अडचण इथेच येते: कुठली गुंडाळी कुठे बघायची? इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने गूगलच्या तांत्रिक मदतीने २०१२च्या डिसेंबरात लिऑन लेव्ही लायब्ररी सुरू केली. तिच्यात त्या खात्याच्या ताब्यातले तुकडे आहेत. ज्या मोठ्या गुंडाळ्या पुस्तकांतल्या चित्रांमुळे सगळ्यांना ठाऊक असतात त्या तिथे शोधून मिळत नाहीत, कारण त्या जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमच्या मालकीच्या. म्युझियमने २०११मध्ये गूगलबरोबरच आपली वेगळी साईट काढली आणि तिच्यावर पाच गुंडाळ्या ठेवल्या: बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी, एका ज्यू पंथाची ‘संघाची नियमावली’, हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथावरचं भाष्य, युद्धाची गुंडाळी आणि मंदिराची गुंडाळी. तांब्याची गुंडाळी तिसरीकडे, जॉर्डनमध्ये अम्मानला. ‘साईटवर यशया नाहीच’ अशी तक्रार करणारा बहुतेक वेळा चुकीच्या दारात उभा असतो. दोन्ही साईट दोन टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडून ठेवायच्या. हे परीक्षणही खरं तर त्या जोडीचंच समजा.

क्रमांकाची पद्धत एकदा समजली की पुढे अडत नाही. ४-क्यू-५३ मधला ४ म्हणजे गुहा, क्यू म्हणजे कुमरान, ५३ म्हणजे त्या गुहेतल्या हस्तलिखिताचा अनुक्रमांक. नावाने शोधायला गेलात तर एकाच ग्रंथाच्या दहा-दहा प्रती समोर येतात आणि पुस्तकात वाचलेली नेमकी कोणती ते कळत नाही. म्हणून क्रमांकाने शोधावं. त्या हस्तलिखिताच्या पानावर मग तुकड्यांची चित्रं आणि थोडीशी माहिती येते: जागा, भाषा, लिपी, काळ, साहित्यप्रकार. बहुतेक तुकड्यांसोबत लिप्यंतर नाही, भाषांतर नाही. हिब्रू न वाचणाऱ्याला हा सगळ्यात मोठा अडसर, आणि त्यावरचा उपाय साईटबाहेर शोधावा लागतो.

आता ते चार प्रश्न. शेताच्या उताऱ्यावर मालकाचं नाव एका रकान्यात आणि कसणाऱ्याचं दुसऱ्या रकान्यात असतं. पीक तिसऱ्याच्या खळ्यावर जातं आणि पोती चौथ्याच्या घरात लागतात. सीमाभागात हे कोणाला समजावून सांगायला नको. गुंडाळ्यांचंही तसंच आहे. मजकूर रचला कोणी, तो उतरवून काढला कोणी, गुंडाळी कोणाच्या मालकीची होती आणि गुहेत नेऊन ठेवली कोणी, ही चार वेगळी माणसं असू शकतात. यशयाचा मजकूर कुमरानला रचला गेला असं कोणीच म्हणत नाही. भांडण उरलेल्या तिघांचं आहे. फोटो उतरवणाऱ्याबद्दल, म्हणजे हस्ताक्षराबद्दल बोलतात. रचणाऱ्याबद्दल मजकूर बोलतो. मालकाबद्दल आणि लपवणाऱ्याबद्दल बोलायला वस्तीचं उत्खनन आणि प्रयोगशाळा लागते.

हस्ताक्षराच्या बाबतीत ही जोडी किती कामाची आहे ते एका नमुन्यावर तपासता येतं. कुठल्याही नव्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी.

म्युझियमच्या साईटवर यशयाची गुंडाळी उघडा. ७.३४ मीटर लांब, १७ कातडी शिवून जोडलेली, ५४ रकाने. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, तेव्हा पहिला रकाना उजव्या टोकाला. पुढे जायचं म्हणजे डावीकडे सरकायचं. ३३व्या रकान्यावर या. हा यशयाचा ४०वा अध्याय, ‘गवत सुकतं, फूल कोमेजतं’ हा भाग. वरून सातव्या ओळीच्या आसपास मूळ लेखनिकाच्या सरळ, नीटनेटक्या ओळींमध्ये दुसऱ्याच कोणीतरी बारीक अक्षरांत मजकूर घुसवलेला दिसेल. ओळींमधली जागा संपली तसा तो डाव्या समासात शिरून खाली उतरतो. ‘गवत सुकतं, फूल कोमेजतं’ हे शब्द मूळ मजकुरात लागोपाठ दोनदा येतात. पहिल्यावरून नजर थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला, असं एक स्पष्टीकरण आहे. पोथ्या उतरवणाऱ्या सगळ्यांनाच ही चूक ठाऊक. मूळ पाठच आखूड होता आणि नंतरच्याने तो वाढवला, असं म्हणणारेही आहेत. आपल्याला इथे महत्त्वाचं ते वेगळंच: घुसवलेल्या मजकुरात जिथे देवाचं नाव यायला हवं तिथे अक्षरं नाहीत, चार ठिपके आहेत.

आता दुसऱ्या टॅबमध्ये संघाच्या नियमावलीचा आठवा रकाना उघडा आणि १४व्या ओळीशी झूम करा. तिथेही यशयाचंच वाक्य उद्धृत केलंय, ४०व्या अध्यायातलंच, ‘अरण्यात मार्ग तयार करा’ हे. तिथेही देवाच्या नावाच्या जागी चार ठिपके. दोन्हीकडची अक्षरं शेजारी ठेवून बघा. ज्या लेखनिकाने नियमावली उतरवली त्यानेच यशयाची गुंडाळी दुरुस्त केली, हा निष्कर्ष हस्ताक्षराच्या अभ्यासकांनी ठिपक्यांवरून आणि अक्षरांच्या घडणीवरून काढलाय. तोच हात ४-क्यू-५३ या शमुवेलाच्या प्रतीत आणि ४-क्यू-१७५ मध्येही ओळखला गेलाय. एका पंथाचे नियम लिहिणारा माणूस सगळ्या ज्यूंना मान्य असलेला यशयाही हाताळत होता, हे त्यावरून पक्कं होतं. तो कुठे बसून लिहीत होता, हे मात्र होत नाही.

अक्षरं ताडून बघताना देवनागरी वाचणाऱ्याला एक फायदा मिळतो. हे लेखनिक आखलेल्या रेघेवर अक्षर टेकवत नाहीत, रेघेखाली लटकवतात. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात तसंच. म्हणून नजर वरच्या कडेवर ठेवायची, आणि ती सवय आपल्याला असतेच. आलेफ, लामेद, शेवटचा मेम, शीन आणि ताव ही पाच अक्षरं निवडा. प्रत्येकाचे किमान दहा नमुने दोन्ही फोटोंतून कापून एकाखाली एक लावा. एकेका अक्षरावरून मत बनवू नका. एकाच माणसाचं अक्षर ओळीच्या सुरुवातीला ऐसपैस आणि शेवटी दाटीचं असतं. दोन फोटोंचा झूम कधीच सारखा नसतो, त्यामुळे आकाराची तुलना डोळ्याने केली तर हमखास फसगत होते. अक्षराच्या उंचीचं ओळींमधल्या अंतराशी असलेलं प्रमाण काढा. ते झूमवर बदलत नाही.

डोळ्याची मर्यादा कुठे आहे तेही याच गुंडाळीवर दिसतं. २७व्या रकान्याच्या तळाशी तीन ओळींची जागा कोरी सोडलीय आणि २८व्यापासून पुस्तकाचा उत्तरार्ध सुरू होतो. इथे लेखनिक बदलला की एकाच्याच हाताने पुढे लिहिलं, यावर जुना वाद होता, कारण दोन्ही अर्धी नुसत्या नजरेला जवळजवळ सारखी दिसतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या गटाने २०२१मध्ये संगणकाने हजारो आलेफ मोजून दोन लेखनिक असल्याचं दाखवलं. पण ते इतकं सारखं लिहीत होते की एकाच तालमीतले असावेत. ‘मी फोटोत बघितलं, अक्षर तेच आहे’ असं मंडळात कोणी ठामपणे म्हणालं तर त्याला हे उदाहरण द्यावं.

आता लिऑन लेव्हीच्या फोटोंकडे. इथे त्यांची मेहनत खरोखर मोठी आहे. प्रत्येक तुकडा १२ तरंगलांबींच्या प्रकाशात टिपलाय, ७ डोळ्यांना दिसणाऱ्या आणि ५ इन्फ्रारेड, आणि दर बाजूला २८ एक्स्पोजर. ते जुळवून रंगीत चित्र तयार होतं, आणि इन्फ्रारेड चित्र वेगळं देतात. वाचायचं तर इन्फ्रारेडच घ्या. कातडं काळपटलं की साध्या प्रकाशात शाई आणि कातडं एकच होऊन जातं. इन्फ्रारेडमध्ये काजळीची शाई काळी राहते आणि कातडं उजळतं. रंगीत चित्राचं काम वेगळं: सुरकुती, भोक, किडीने खाल्लेली कड आणि शाई यांतला फरक. इन्फ्रारेडमध्ये भोकामागची सावली हुबेहूब अक्षराच्या पायासारखी दिसते, आणि नवखा वाचक तिथे ‘वाव’ हे एक हिब्रू अक्षर जास्त वाचून मोकळा होतो. शंका आली की रंगीत चित्रावर जाऊन तीच जागा बघायची. हा नियम पाळला की निम्म्या चुका टळतात.

साईटवर १९५०च्या दशकातले जुने फोटोही आहेत, आणि ते कमी लेखू नका. जेरुसलेमच्या तेव्हाच्या पॅलेस्टाईन पुरातत्त्व संग्रहालयाचे छायाचित्रकार नजीब अल्बिना यांनी ते इन्फ्रारेड फिल्मवर काढले. पुढच्या दशकांत तुकडे आक्रसले, कडा झडल्या, चिकटपट्टीने नुकसान केलं. जुन्या फोटोत स्पष्ट असलेलं अक्षर नव्या, कितीतरी बारीक फोटोत नसतं, असं अनेकदा होतं. नवा फोटो चांगला म्हणून जुना सोडून देणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक.

आमची खरी हरकत काळाच्या रकान्यावर आहे. हस्तलिखितासमोर ‘हास्मोनियन’ किंवा ‘हेरोदियन’ असं लिहिलेलं असतं. पहिलं म्हणजे साधारण इ.स.पू. १५० ते ३०, दुसरं इ.स.पू. ३० ते इ.स. ७०. वाचणाऱ्याला वाटतं ही प्रयोगशाळेतली तारीख. ती बहुतेक वेळा अक्षरवळणावरून ठरवलेली असते, आणि त्या पद्धतीचा पाया हस्ताक्षरांचे अभ्यासक फ्रँक मूर क्रॉस यांनी १९६१मध्ये घातलेला आहे. कार्बन चाचण्या १९९०च्या दशकात झुरिच आणि टुसान इथे झाल्या, पण थोड्याच तुकड्यांच्या. शिवाय १९५०च्या दशकात अक्षरं उठून दिसावीत म्हणून तुकड्यांना एरंडेल लावलं होतं. एरंडेलातला कार्बन आजकालचा, त्यामुळे नीट धुतलं नाही तर तारीख खरी असते त्यापेक्षा अलीकडची येते. ग्रोनिंगेनच्याच गटाने तेल काढून पुन्हा चाचण्या केल्या, २४ नमुन्यांच्या तारखांवर ‘इनॉक’ नावाची संगणक प्रणाली तयार केली आणि २०२५मध्ये १३५ हस्तलिखितांचे अंदाज दिले. चूक सुमारे ३० वर्षांची, आणि बऱ्याच गुंडाळ्या समजत होतो त्यापेक्षा जुन्या निघाल्या. हे सगळ्यांनी मान्य केलंय असं नाही. पण वस्तीच्या वयाशी गुंडाळीचं वय ताडून बघणाऱ्याने तो एका शब्दाचा रकाना अंतिम धरू नये.

वयाला इतकं महत्त्व का, हे वादाच्या बाजू समजल्याशिवाय कळत नाही, आणि या बाजू हस्तलिखितांच्या पानांवर मिळत नाहीत. पुरातत्त्वज्ञ एलिआझार सुकेनिक यांनी १९४८मध्येच एसीन या प्राचीन ज्यू पंथाचं नाव घेतलं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ रोलाँ द व्हो यांनी १९५१ ते १९५६ या काळात कुमरान खणलं आणि तिथे एसीनांचा मठ पाहिला: सोवळ्याची स्नानकुंडं, हजारावर ताटं-वाट्या असलेली कोठी, काही दौती, आणि बाहेर हजाराहून जास्त थडग्यांची दफनभूमी. मोठा प्लिनी हा रोमन लेखक मृत समुद्राच्या पश्चिमेला एसीन राहतात असं लिहून गेलाय. नियमावलीच्या सातव्या रकान्यात सभेत थुंकणाऱ्याला ३० दिवसांची शिक्षा आहे, आणि त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की एसीन लोक मंडळीत थुंकत नाहीत. इतकं बारीक जुळणं योगायोगाने होत नाही, असं या बाजूचं म्हणणं, आणि ते वजनदार आहे. पण गुंडाळ्यांत ‘एसीन’ हे नाव कुठेच येत नाही. प्लिनीचे एसीन बायकांशिवाय राहतात. गुंडाळ्यांतल्याच ‘दमास्कस नियम’ या ग्रंथात बायकामुलांसाठी कलमं आहेत.

शिकागोचे नॉर्मन गोल्ब यांनी १९८०पासून उलट बाजू लावून धरली. गुंडाळ्या कुमरानच्या नाहीतच. रोमन वेढ्याआधी जेरुसलेममधल्या ग्रंथसंग्रहांतून काढून वाळवंटात लपवल्या. इतके वेगवेगळे हात एका लहान वस्तीत कसे असतील, हा त्यांचा मुख्य मुद्दा, आणि लिऑन लेव्हीवर तासभर नुसतं फिरलं तरी तो पटायला लागतो. तांब्याच्या गुंडाळीतली लपवलेल्या खजिन्याची यादी त्यांच्या बाजूला बसते. त्याला उत्तर म्हणून हस्ताक्षरतज्ज्ञ आदा यार्देनी यांचं काम बघावं. निरनिराळ्या गुहांतल्या ५०हून जास्त हस्तलिखितांत त्यांनी एकच लेखनिक ओळखला. म्हणजे गुहा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. तरी तो लेखनिक जेरुसलेमचा असू शकतोच. कोण कुठे बसून लिहीत होता, हे फोटोंवरून ठरत नाही ते असं.

तिसरी बाजू लॉरेन्स शिफमन यांची, आणि ती बघण्यासाठी मात्र ही साईट फार सोयीची. ४-क्यू-३९४ ते ३९९, एकाच पत्रवजा मजकुराच्या सहा प्रती, तिथे बघता येतात. त्यातलं एक कलम असं: शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतलं तर धारेतून अशुद्धी वर चढते का? पत्र म्हणतं, चढते. सोवळं-ओवळं माहीत असलेल्या आपल्या वाचकाला या भांडणाची तीव्रता वेगळी सांगायला नको. आता मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातही हाच वाद नोंदवलाय आणि तिथे हे मत सदूकी या ज्यू गटाचं आहे, परूशी हा दुसरा गट त्याच्या विरोधात आहे. म्हणून शिफमन म्हणतात, या पंथाचं मूळ सदूकी पुरोहितांत आहे. हे पत्र अधिकृतपणे छापून आलं १९९४मध्ये. तोपर्यंत एसीन हे उत्तर जवळपास ठरून गेलं होतं. मोजक्या संपादकांनी तुकडे चाळीस वर्षं आपल्याकडेच ठेवले. १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडचे फोटो सगळ्यांना खुले केले तेव्हा ती मक्तेदारी मोडली. त्या पार्श्वभूमीवर आज घरी बसून हे तुकडे बघता येणं, हाच या साईटचा सर्वांत मोठा गुण.

फोटोबाहेरचा पुरावा कोणाच्याच बाजूने एकमुखी नाही. २००९च्या शाईच्या तपासणीत स्तुतिगीतांच्या गुंडाळीच्या शाईत ब्रोमीनचं प्रमाण मृत समुद्राच्या परिसरातल्या पाण्याशी जुळणारं निघालं; म्हणजे ती तिथेच लिहिली असावी. २०१९मध्ये मंदिराच्या गुंडाळीवरचे क्षार तपासले तर ते त्या परिसरातले वाटले नाहीत. २०२०च्या डीएनए तपासणीत बहुतेक कातडी मेंढीची निघाली, पण यिर्मयाच्या तुकड्यांपैकी काही गाईच्या कातड्याचे. त्या वाळवंटात गाय जगत नाही, तेव्हा ती प्रत बाहेरून आली हे उघड. काही तिथे लिहिल्या, काही बाहेरून आणल्या, असं आमचंही मत आहे. सगळ्या एकाच ठिकाणच्या म्हणणाऱ्याने, मग तो कुठल्याही बाजूचा असो, ही तीन निरीक्षणं एकत्र समजावून द्यावीत.

वाचन किती निसरडं असतं त्यासाठी १९९६मध्ये कुमरानलाच सापडलेलं खापर पुरेसं आहे. ती मालमत्ता देऊन टाकल्याची नोंद. क्रॉस आणि एस्तेर एशेल यांनी एका ओळीत ‘याहाद’ वाचलं, म्हणजे नियमावलीत संघासाठी वापरलेला शब्द. वस्ती आणि गुंडाळ्या एका फटक्यात जोडल्या गेल्या. यार्देनी यांनी तीच अक्षरं वाचली आणि निघालं ‘आणि प्रत्येक दुसरं झाड’. खापर तेच, ओळ तीच.

आता आपल्याकडे वापरताना. मोबाईलवर बघता येतं, पण तुलना करायला किमान लॅपटॉप हवा; दोन खिडक्या शेजारी लावल्याशिवाय हस्ताक्षराचं काम होत नाही. फोटो तुकड्या-तुकड्याने उतरतो, झूम केला की नवे चौकोन येतात. बेळगाव शहरात अडचण नाही. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला किंवा पावसाळ्यात लाईट-नेट दोन्ही जातात तेव्हा चौकोन अर्धवट राहतात आणि धूसर भाग शाई पुसल्यासारखा दिसतो. तो पुरावा समजू नका, थांबा. मंडळात प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि इन्फ्रारेडच दाखवा. प्रोजेक्टरच्या फिक्या उजेडात रंगीत चित्र नुसतं तपकिरी दिसतं. खडेबाजारात कुठेही ए-थ्री लेझर प्रिंट मिळते. काढण्याआधी कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा, नाहीतर बारीक रेघा आणि डाग एकाच काळ्या रंगात येतात. अंकात छापायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, चित्रांचे हक्क संस्थेकडे आहेत.

मराठी नाही, कन्नडही नाही. मराठी बायबल जवळ ठेवलं की निम्मी वाट सोपी होते, कारण यशया, यिर्मया, हबक्कूक, शमुवेल ही नावं आणि अध्याय-ओवीचे क्रमांक तिथून जुळवता येतात. म्युझियमच्या साईटवर यशयाच्या ओळींवर टिचकी मारली की इंग्रजी भाषांतर येतं, ते या बायबलशी लावून वाचा. पंथाच्या ग्रंथांसाठी मात्र गेझा वर्मेश यांचं पेंग्विनचं इंग्रजी भाषांतर घ्यावं लागेल. ते एसीन बाजूचे, तेव्हा प्रस्तावना त्या चष्म्यातून वाचा आणि तोल राखायला गोल्ब यांचं १९९५चं पुस्तक मिळालं तर बघा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजामुळे ज्यू परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही, पण या गुंडाळ्यांतला ज्यू धर्म त्या परंपरेच्या बराच आधीचा. ३६४ दिवसांचं सौर पंचांग पाळणाऱ्या पंथाचे सण आजच्या ज्यू सणांशी जुळवायला गेलात तर गोंधळ होईल.

व्हॉट्सॲपवर ‘नवीन सापडलेला तुकडा’ म्हणून फिरणारे फोटो तपासायलाही ही साईट उपयोगी. २००२च्या सुमारापासून खासगी बाजारात असे बरेच तुकडे आले. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने आपल्याकडचे १६ तपासून घेतले, आणि २०२०मध्ये सगळेच्या सगळे बनावट निघाले. लबाडी शाईत पकडली जाते: जुन्या कातड्याच्या भेगांत आणि तुटलेल्या कडेवर शाई ओघळलेली दिसते, म्हणजे कातडं फाटल्यावर लिहिलंय. खऱ्या तुकड्यात भेग अक्षराला मधोमध कापून जाते. लिऑन लेव्हीवरच्या चार-पाच तुकड्यांच्या कडा पूर्ण झूम करून एकदा बघून ठेवा. फॉरवर्ड झालेल्या फोटोला गुहेचा क्रमांक नसेल, तर आधी कड बघा.